मुरीचे नाव, मुरीचे निदान

पावसाळा ओसरून ओढ्यांचे पाणी निवळले, की विंचूर-निफाडकडच्या बारीक मासळीत कधी कधी बोटभर लांबीचा एखादा मासा सापडतो. अंगावर पट्टे किंवा ठिपके, तोंडाशी मिशांसारखे मांसल धागे आणि तळाच्या वाळूला धरून राहण्याची सवय. कुणी त्याला मुरी म्हणते, कुणी मुऱ्या. इंग्रजीत या साऱ्या गोतावळ्याला ‘लोच’ म्हणतात. बाजारात त्याला भाव नाही, त्यामुळे तो नेमका कोणता, हा प्रश्नही सहसा कुणाला पडत नाही.

वैद्यकातले एक उदाहरण घेऊ. रुग्ण ‘ताप’ घेऊन येतो. ताप हे निदान नव्हे. मलेरिया, डेंग्यू की विषमज्वर, हे ठरल्याशिवाय उपचाराची दिशा ठरत नाही. ‘मुरी’ हे नावही तसेच आहे. त्या एका शब्दाखाली अनेक वेगवेगळे जीव दडलेले असतात.

या माशांना शास्त्रीय नावे देण्याचे मोठे काम डॉक्टरांनीच केले, हा योगायोग गमतीचा आहे. प्रत्येक जीवाला दोन शब्दी नाव देण्याची पद्धत रूढ करणारे स्वीडनचे कार्ल लिनियस वैद्य होते. त्यांनी १७५८ मध्ये या माशांसाठी ‘कोबायटिस’ ही प्रजाती मांडली. ती इतकी ऐसपैस होती, की दक्षिण अमेरिकेतला ‘चार डोळ्यांचा’ मासाही तिच्यातच घातला गेला. ईस्ट इंडिया कंपनीतील शल्यचिकित्सक फ्रान्सिस हॅमिल्टन यांचा गंगेच्या माशांवरचा ग्रंथ १८२२ मध्ये आला. जावा-सुमात्राकडील डच लष्करी डॉक्टर पीटर ब्लीकर यांनी ‘नेमाकायलस’, म्हणजे धाग्यासारख्या ओठांचा, हे नाव दिले. भारतातील माशांवर प्रचंड ग्रंथ लिहिणारे फ्रान्सिस डे हेही मद्रासच्या लष्करातले डॉक्टर. पुण्यातून मिळालेल्या एका मुरीचे वर्णन त्यांनी १८७२ मध्ये केले.

मराठी शब्द, जागतिक नाव

दख्खनच्या माशांची पहिली मोठी नोंद मात्र एका लष्करी अधिकाऱ्याची आहे. कर्नल विल्यम साइक्स यांनी इथल्या नद्यांतील माशांची वर्णने १८३९ मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध केली. नावे देताना त्यांनी अनेकदा स्थानिक मासेमारांचेच शब्द उचलले. शिंगटीचे झाले ‘सींगटी’. ‘खुद्री’ आणि ‘पोटैल’ ही नावेही त्यांचीच. आणि एका मुरीचे नाव झाले ‘कोबायटिस मूरेह’. ज्या मासेमाराच्या तोंडून तो शब्द आला त्याचे नाव कुठे नोंदलेले नाही; त्याचा शब्द मात्र जगभरच्या प्राणिशास्त्रात टिकून आहे.

पण या मुरीच्या नावाचा प्रवास सरळ झाला नाही. पुढे बराच काळ दख्खनची ही मुरी आणि गंगेकडची ‘बोटिया’ एकच समजल्या गेल्या. २०१५ मध्ये दोन अमेरिकी संशोधकांनी या गटाची नव्याने तपासणी केली. आज आपल्याकडच्या या माशाचे नाव ‘पॅराकँथोकोबायटिस मूरेह’ असे आहे. यात पहिला शब्द प्रजातीचा, दुसरा जातीचा. प्रजाती बदलली तरी जातीचे मूळ नाव शक्यतो राखले जाते आणि प्रथम वर्णन करणाऱ्याचे नाव कंसात लिहिले जाते. साइक्स यांच्या नावाभोवतीचा कंस पाहिला, की प्रजाती मधल्या काळात बदलली आहे, हे जाणकाराला कळते.

ओळखतात कसे?

वरवर सारख्या दिसणाऱ्या या माशांची आज अनेक कुले मानली जातात. कोबायटिडी कुलातील माशांच्या डोळ्याखाली एक बारीक, दुभंगलेला काटा असतो. धोका वाटला की तो उभा राहतो. नेमाकायलिडी कुलात असा काटा नसतो. बॅलिटोरिडी कुलातले मासे खालून चपटे असतात. त्यांचे पसरट पर खळाळत्या पाण्यात दगडाला घट्ट चिकटतात. याखेरीज परांमधले काटे मोजणे, मिशांच्या जोड्या पाहणे आणि अलीकडे डीएनएची तुलना, असा तपास चालतो.

हा खटाटोप निव्वळ पुस्तकी नाही. कोबायटिडी कुलातले काही मासे पाण्यातला प्राणवायू कमी झाला की वर येऊन हवा गिळतात आणि आतड्यातून प्राणवायू शोषतात. यावरून स्फूर्ती घेऊन जपानी संशोधकांनी २०२१ मध्ये उंदीर आणि डुकरांना गुदमार्गाने प्राणवायू देण्याचे प्रयोग प्रसिद्ध केले. फुप्फुसे निकामी होत असताना असा आधार देता येईल का, हा त्यामागचा विचार. २०२४ मध्ये या कामाला ‘आधी हसवणारे, मग विचार करायला लावणारे’ संशोधन म्हणून इग नोबेल मिळाले. ‘लोच आतड्याने श्वास घेतो’ एवढेच वाचून भलत्याच कुलातला मासा प्रयोगशाळेत नेला असता, तर हाती काय लागले असते?

नावाशिवाय संरक्षण नाही

नाशिक जिल्ह्याला या अभ्यासाची जुनी परंपरा आहे. सुंदरलाल होरा आणि के. एस. मिश्रा यांनी १९३० च्या दशकात ‘देवळालीचे मासे’ ही लेखमाला मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात लिहिली. देवळालीजवळच्या दारणा नदीतले मासे त्यामुळे शास्त्राच्या नोंदीत आले. हीच दारणा पुढे गोदावरीला मिळते आणि ते पाणी निफाड तालुक्यातील नांदूरमध्यमेश्वरला पोहोचते. तिथल्या पक्ष्यांमुळे ही जागा राज्यातील पहिले रामसर स्थळ ठरली. पक्षी पाहायला दुरून लोक येतात, पाण्याच्या तळाशी मात्र क्वचितच कुणी पाहते.

वाळूउपसा, सांडपाणी, शेतातून वाहून येणारी औषधे यांचा मार आधी तळालाच बसतो. दोन जाती एकाच नावाखाली नोंदल्या असतील आणि त्यातली एक संपली, तर यादीत ते नाव तसेच राहते आणि नुकसान कागदावर दिसतच नाही. उलट उदाहरण सिंधुदुर्गातील आंबोलीचे. तिथल्या हिरण्यकेशीच्या उगमाजवळ सापडलेल्या मुरीला २०२० मध्ये ‘शिस्टुरा हिरण्यकेशी’ हे नाव मिळाले आणि २०२१ मध्ये राज्य सरकारने ती जागा जैवविविधता वारसा स्थळ जाहीर केली. त्याच वर्षी उत्तर सह्याद्रीतून वर्णन केलेल्या आणखी एका मुरीला कळसूबाईचे नाव मिळाले.

ओढ्यात अशी मुरी दिसली, तर बाजूने स्वच्छ छायाचित्र घ्यावे. तारीख, गाव, ओढ्याचे नाव आणि जुनी माणसे त्या माशाला काय म्हणतात, तेही लिहून ठेवावे. मासा आला तिथेच सोडावा, दुसऱ्या पाण्यात नव्हे. ही माहिती जवळच्या महाविद्यालयाचा प्राणिशास्त्र विभाग किंवा पुण्यातील भारतीय प्राणी सर्वेक्षणाचे केंद्र यांच्याकडे पाठवता येते. साइक्स यांनाही दख्खनची मुरी एका गावातल्या शब्दानेच ओळखता आली होती.