द्राक्षांच्या मुलखात एक वर्ष

तांबडा दगड दिसला की त्याच्या पलीकडे पाऊल टाकायचे नाही. पांढरा दगड म्हणजे जमीन तपासलेली, पुरलेले सुरुंग काढलेले. अफगाणिस्तानात पोचल्यावर मला मिळालेला हा पहिला धडा. वास्तविक मी गेलो होतो दुसऱ्यांना धडे द्यायला!

गोष्ट सन २०११ ची. काबूलच्या उत्तरेला शोमालीचे मैदान आहे. द्राक्षांसाठी हा मुलूख नावाजलेला. १९९९ च्या लढाईत तिथल्या बागा जाळल्या गेल्या, पाट बुजवले गेले, माणसे परागंदा झाली. पुढे ती परतली आणि बागा पुन्हा उभ्या राहू लागल्या. गावोगावचे तरुण स्वयंसेवक निवडायचे, त्यांना बागकामाचे शिक्षण द्यायचे आणि त्यांनी ते आपल्या गावात पोचवायचे, अशी योजना एका स्वयंसेवी संस्थेने आखली होती. पुण्याच्या कृषी महाविद्यालयात शिकलेला आणि द्राक्षपट्ट्यात विस्ताराचे काम केलेला म्हणून मला बोलावणे आले. मंडळींच्या घशाखाली आठ दिवस घास उतरला नाही. पण रजा मंजूर झाली आणि ऐन जानेवारीच्या बर्फात मी तिथे दाखल झालो.

रोजचा दिवस

पहाटे अजानीने जाग येई. नानवाईच्या तंदुरातून हातभर लांब गरम नान येई आणि सोबत बिनदुधाचा हिरवा चहा. दुपारी बोलानी, म्हणजे बटाटा किंवा पातीची भाजी भरलेल्या आपल्या पराठ्याची बहीणच, आणि पुदिना घातलेले ताक. मी शाकाहारी म्हटल्यावर यजमानांना वाईट वाटे, पण राजम्याचे कालवण आग्रहाने वाढत. घरून नेलेले बेसन दोन महिन्यांत संपले. त्यानंतर पिठले फक्त स्वप्नात!

सुटी शुक्रवारची. रोज एकाच वाटेने, एकाच वेळी जायचे नाही, असा दंडक होता. अंधार पडण्यापूर्वी मुक्कामी परतायचे. शेतकी पदवीधराला तिथे ‘इंजिनिअर साहेब’ म्हणतात. मला त्याची सवय व्हायला वेळ लागला.

त्या वर्षी रमजान ऑगस्टात आला, म्हणजे ऐन द्राक्षांच्या दिवसांत. वर्ग सकाळी लवकर सुरू करून दुपारच्या आत उरकायचो. ‘तुम्ही पाणी प्या, तुम्हाला रोजा नाही,’ असे मुले सांगत. पण उन्हात राबणाऱ्या उपाशी पोरांसमोर घोट घशाखाली जाईना. संध्याकाळी रोजा सोडताना पहिला खजूर ते माझ्या हातावर ठेवत.

भाषेची अडचण वाटली होती तेवढी आली नाही. जमीन, बाग, हवा, हंगाम, अंजीर, हे शब्द दोघांचेही. आपली ‘मशागत’ मूळची तिकडची. तिथे त्या शब्दाचा अर्थ कष्ट! घोटाळा मात्र मापांत झाला. त्यांचा ‘जेरीब’ म्हणजे जवळजवळ आपले २० गुंठे, हे सोपे. पण काबूलचा शेर सुमारे ७ किलोचा! खताचा हिशेब वेळीच तपासला म्हणून बरे.

काकांनी थांबवले होते

शोमालीत वेल मांडवावर नसतो. चरात लावलेला वेल मातीच्या उंच वरंब्यावर पसरतो. घड मातीला टेकतात, डागाळतात, काही सडतात. म्हणून तारेचा मांडव दाखवायचा होता. लाकूड तिथे दुर्मिळ. लाकडी खांब पुढच्या हिवाळ्यात चुलीत जातील, असे स्वयंसेवकांनीच सुचवले म्हणून सिमेंटचे खांब घेतले.

फेब्रुवारीअखेर मी छाटणीचे प्रात्यक्षिक ठेवले. बागेचे म्हातारे मालक, ज्यांना सारे ‘काका’च म्हणत (हा शब्दही दोघांचा), पुढे आले. ‘इतक्यात नको. वेल अजून झोपेत आहे. उठवलात तर थंडी त्याला मारील,’ असे ते म्हणाले. आपल्याकडे एप्रिल आणि ऑक्टोबर अशा दोन छाटण्या होतात, हे मी सांगितले. ‘मग तुमचा वेल झोपतो तरी कधी?’ असे म्हणून ते हसले. मी दोन ओळी छाटल्याच. राहिलेल्या त्यांनी तीन आठवड्यांनी छाटल्या.

माझ्या ओळी आधी फुटल्या. पोपटी फूट पाहून मी खुशीत होतो. एप्रिलात एका रात्री कडाक्याचे हीव पडले आणि सकाळी ती सारी फूट काळी पडली. काकांच्या ओळींचे डोळे अजून मिटलेले होते, ते वाचले. माझ्या ओळी मागाहून पुन्हा फुटल्या, पण त्यांवर घड थोडेच आले.

दुसऱ्या दिवशी सगळ्या स्वयंसेवकांसमोर मी काकांची माफी मागितली आणि छाटणीचा पाठ त्यांनाच द्यायला लावला. वर्गाचा रंग त्या दिवसापासून पालटला. आतापर्यंत माना डोलावणारी पोरे प्रश्न विचारू लागली. काकांनीही एक ओळ मांडवावर चढवायला दिली.

अंगणातला वर्ग

बेदाणा निवडण्याचे काम घरातल्या बायका करतात. पुरुष शिक्षकाने त्यांच्यात जायचे नाही. म्हणून दोन शिक्षिका तयार केल्या आणि त्यांनी एका घराच्या अंगणात वर्ग चालवला. झरोक्यांच्या मातीच्या घरात सावलीत वाळवलेला त्यांचा हिरवा बेदाणा पाहून मला आपल्या तासगावच्या शेडची आठवण येई. वारा आणि सावली, युक्ती तीच.

ऑगस्ट २०२१ मध्ये तिथे राजवट बदलली. मुलींच्या सहावीपुढच्या शाळा बंद झाल्या. त्या दोघी शिक्षिकांची खबर मला नाही. एका स्वयंसेवकाचा निरोप मात्र दर २१ मार्चच्या सुमारास येतो. त्यांचे नवे वर्ष तेव्हा सुरू होते. शेतकऱ्यांचा सणही त्याच दिवशी असतो आणि सात प्रकारचा सुका मेवा भिजवून खातात. आपला पाडवाही त्याच दिवसांत. यंदा त्याने कळवले, काका गेले. त्यांच्या बागेची छाटणी आता तोच करतो, तीन आठवडे थांबून.

शेतकरी बंधुभगिनींनो, तुमच्या गावात कोणी शिकवायला आला, तर त्याचे जरूर ऐका. पण तुमच्या मातीचे चार शब्द त्यालाही ऐकवा. चांगला शिक्षक असेल, तर तो रागावणार नाही.