खिडकीतली मेथी



6 डिसेंबरला बाबासाहेबांना अभिवादन करून घरी परतलो की दुसऱ्या दिवशी आम्ही मेथी पेरतो. दहा बाय दहाच्या खोलीत कसली आली शेती, म्हणून शेजारी हसत. पण 3 जानेवारीला, सावित्रीमाईंच्या जयंतीला, ताटात घरच्या मेथीचा घोळाणा आला, तेव्हा हसणाऱ्यांनीच कृती विचारली. ती अशी.

फुटका टब किंवा फळांचे खोके घ्यावे. सहा इंच खोल असावे, तळाला भोके हवीत. अर्धी माती, अर्धे कुजलेले शेणखत भरावे. बी विकत आणायला नको. डब्यातले मेथीदाणे आणि धणे चालतात. औषध लावलेले रंगीत बी कोवळ्या पाल्यासाठी मुळीच घेऊ नये.

मेथीदाणे रात्रभर भिजवून मातीवर पसरावेत, वर अर्धा इंच माती टाकावी. तीन-चार दिवसांत कोंब दिसतात, पंचवीस दिवसांत भाजी होते. पाणी हाताने शिंपडावे. तांब्याने ओतले तर रोपे आडवी होतात, मुळे कुजतात. ऊन एका बाजूने येत असल्यास खोके रोज फिरवावे.

धण्यांनी मात्र पहिल्या वर्षी आम्हाला फसवले. आख्खेच पेरले, मोजकेच उगवले. प्रत्येक धण्यात दोन बिया असतात. म्हणून हलके रगडून दोन फाका कराव्यात, रात्रभर भिजवाव्यात, मग पेराव्यात. उगवायला आठ-दहा दिवस लागतात. 26 जानेवारीच्या सुमारास कोथिंबीर खुडता येते. थंडीतच पेरावी, उन्हाळ्यात ती लवकर फुलावर येते.

हा केवळ हौसेचा विषय नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील 15 ते 49 वयाच्या शंभर स्त्रियांपैकी 54 जणींच्या अंगात रक्त कमी आहे. आपल्या घरात सर्वांचे जेवण झाल्यावर बाई बसते, तेव्हा भाजीचे पातेले रिकामे असते. म्हणून आमच्या घरी नियम केला आहे : खिडकीतली पहिली मेथी घरातल्या बाईच्या आणि मुलीच्या ताटात. बारीक चिरून कांदा, दाण्याचा कूट आणि वर लिंबू. लिंबाने पाल्यातले लोह अंगी लागते. जेवणाबरोबरचा चहा ते लागू देत नाही. दवाखान्यातून मिळालेल्या लोहाच्या गोळ्या मात्र बंद करू नयेत.

6 डिसेंबर 1964 रोजी दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचा सत्याग्रह सुरू झाला. टबातली माती म्हणजे त्यांनी मागितलेली जमीन नव्हे, हे आम्ही जाणतो. ती मागणी चालूच राहील. तोवर खिडकी रिकामी का ठेवावी?

जय भीम!