विमानाच्या काचेपासून आजीच्या डोळ्यापर्यंत

दोस्तांनो, तुमच्या आजीच्या डोळ्यात प्लास्टिक आहे असं कुणी सांगितलं तर दचकाल ना? पण तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं असेल, तर ते बहुधा खरंच आहे. आणि हे प्लास्टिक तिथे पोचलं ते लढाऊ विमानांमुळे, बरं का!

आपल्या डोळ्यातल्या काळ्या बाहुलीच्या मागे एक पारदर्शक भिंग असतं. वय वाढलं की ते हळूहळू गढूळ होतं. तोच मोतीबिंदू. जगात सर्वांत जास्त माणसं आंधळी होतात ती यामुळेच, आणि ऑपरेशन झालं तर त्यातल्या बहुतेकांना पुन्हा दिसू शकतं!

पूर्वीही ऑपरेशन होत असे. गढूळ भिंग काढून टाकायचे, पण त्या जागी काहीच बसवत नसत. मग रुग्णाच्या नाकावर यायचा सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारखा जाडजूड चष्मा. त्यातून वस्तू वाजवीपेक्षा मोठ्या दिसत, कडेचं धड दिसत नसे. आणि चष्मा फुटला की पुन्हा अंधार.

आता चला दुसऱ्या महायुद्धात. १५ ऑगस्ट १९४० रोजी गॉर्डन क्लीव्हर या ब्रिटिश वैमानिकाच्या हरिकेन विमानावर गोळ्या आदळल्या. वरचं पारदर्शक छत फुटलं आणि त्याचे कण त्याच्या डोळ्यांत घुसले. हे छत काचेचं नव्हतं, पर्स्पेक्स नावाच्या प्लास्टिकचं होतं. अशा जखमी वैमानिकांवर उपचार करताना डॉ. हॅरल्ड रिडली यांना एक नवल दिसलं. डोळ्यात साधं कुसळ गेलं तरी तो लालबुंद होतो. पण पर्स्पेक्सचे कण आत राहूनही डोळा चिडत नव्हता!

मग याच प्लास्टिकचं भिंग का करू नये? २९ नोव्हेंबर १९४९ रोजी लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलमध्ये रिडलींनी डोळ्यात भिंग बसवण्याचं जगातलं पहिलं ऑपरेशन केलं.

तुम्हाला वाटेल, टाळ्यांचा कडकडाट झाला असेल. छे! डोळ्यातून वस्तू बाहेर काढायची की आत घालायची, असं म्हणत मोठमोठे डॉक्टर त्यांच्यावर तुटून पडले. विरोधकांचं सगळंच चूक होतं असंही नाही. सुरुवातीची काही भिंगं जागेवरून सरकत, काही काढावी लागत. ती सुधारायला कितीतरी जणांना वर्षानुवर्षं खपावं लागलं. अमेरिकेच्या सरकारने अशा भिंगांना मान्यता दिली ती थेट १९८१ मध्ये. रिडलींना 'सर' हा किताब मिळाला २००० साली; तेव्हा ते नव्वदी ओलांडून गेले होते.

पण भिंग महाग! परदेशातून येणारं भिंग आपल्याकडच्या शेतमजुराला कसं परवडणार? इथे भेटतात मदुराईचे डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी. संधिवाताने त्यांच्या हातांची बोटं वाकडी झाली होती, तरी त्यांनी त्याच बोटांनी डोळ्यांची नाजूक शस्त्रक्रिया शिकून घेतली आणि हजारो ऑपरेशनं केली. निवृत्तीनंतर, १९७६ साली, त्यांनी अवघ्या ११ खाटांचं 'अरविंद' नेत्र रुग्णालय काढलं. पैसे देऊ शकणाऱ्यांकडून घ्यायचे आणि ज्यांच्याकडे नाहीत त्यांच्यावर फुकट उपचार करायचे, असा त्यांचा हिशेब. १९९२ मध्ये सेवा फाउंडेशनसारख्या संस्थांच्या मदतीने मदुराईतच 'ऑरोलॅब' सुरू झाली आणि भिंगं तिथेच तयार होऊ लागली. किंमत इतकी उतरली की गरीब रुग्णांच्याही डोळ्यात भिंग बसवता येऊ लागलं. मला विचाराल तर, पहिल्या ऑपरेशनइतकाच हाही मोठा शोध आहे.

आणि हो, तो वैमानिक क्लीव्हर! उतारवयात त्याच्या चांगल्या राहिलेल्या डोळ्यातही मोतीबिंदू झाला. १९८७ मध्ये ऑपरेशन झालं आणि त्याच्या डोळ्यात बसवलं गेलं एक कृत्रिम भिंग.

ऑपरेशननंतर बऱ्याच दवाखान्यांत एक छोटं कार्ड देतात. त्यावर भिंगाचा नंबर लिहिलेला असतो. आजीच्या औषधांच्या पिशवीत ते आहे का, बघा बरं!