विश्लेषण : उन्हाळ्यात तळ्यातले मासे पहाटेच का मरतात?

दर वर्षी एप्रिल-मेमध्ये राज्यात कुठे ना कुठे तलावात, धरणाच्या फुगवट्यात किंवा शेततळ्यात मेलेल्या माशांचा खच पडल्याची बातमी येते. ‘उन्हाने मासे शिजले’ असे कुणी म्हणते, तर कुणाला विषप्रयोगाचा संशय येतो. हा संशय कधी कधी खराही ठरतो. पण अशा बहुतेक घटनांत एक गोष्ट सारखी असते. मासे भर दुपारी नव्हे, तर पहाटे मरतात, म्हणजे पाणी दिवसभरातले सर्वात थंड असताना. असे का होते?

मासे नेमकी किती उष्णता सोसतात?

मुंबईत वर्सोव्याला असलेल्या केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्थेसारख्या ठिकाणी रोहू, कटला, मृगळ या माशांवर याबाबत प्रयोग झाले आहेत. टाकीतले पाणी हळूहळू तापवत नेले आणि त्यात हवा खेळती ठेवली, तर हे मासे ४० अंश सेल्सियसच्याही थोडे पुढे तग धरतात. महाराष्ट्रातल्या तळ्याचे पाणी सहसा इतके तापत नाही. म्हणजेच मे महिन्यातले ३३-३४ अंशांचे पाणी एरवी या माशांना मारण्याइतके गरम नसते. प्रयोगशाळेतल्या टाकीत हवा सोडणारा पंप असतो आणि तळ्यात तो नसतो, हा यातला खरा फरक.

पाणी तापल्यावर काय बिघडते?

पाणी जितके गरम, तितका त्यात ऑक्सिजन कमी विरघळतो. २० अंशांना एका लिटर पाण्यात जास्तीत जास्त सुमारे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना साडेसात आणि ३५ अंशांना सुमारे सात. हवेशी तुलना केली तर हे प्रमाण किती तुटपुंजे आहे ते कळते. एक लिटर हवेत याच्या तीस-पस्तीस पट ऑक्सिजन असतो.

माशाची गरज मात्र नेमकी उलट दिशेने वाढते. माणसाचे शरीर बाहेर कितीही ऊन असले तरी ३७ अंशांच्या आसपास राहते. माशाच्या शरीराचे तापमान पाण्याइतकेच असते. पाणी १० अंशांनी वाढले, की त्याच्या शरीरातल्या रासायनिक क्रिया साधारण दुप्पट ते तिप्पट वेगाने चालू लागतात. हृदय जोरात धडधडते, पचन वेगाने होते आणि मासा स्वस्थ पडून असला तरी त्याला जास्त ऑक्सिजन लागतो. टोरंटो विद्यापीठातील शास्त्रज्ञ फ्रेडरिक फ्राय यांनी १९४७ मध्ये हा हिशेब मांडला. मासा जास्तीत जास्त किती ऑक्सिजन घेऊ शकतो आणि नुसते जगायला त्याला किती लागतो, या दोहोंतला फरक म्हणजे त्याची शिल्लक. पोहणे, वाढणे, अंडी घालणे हे सगळे या शिलकीवर चालते. पाणी एका मर्यादेपलीकडे तापले, की ही शिल्लक आटत जाते.

मासा जोरात श्वास का घेत नाही?

घेतो, पण गोड्या पाण्यातल्या माशाला त्याची वेगळी किंमत मोजावी लागते. त्याचे रक्त भोवतालच्या पाण्यापेक्षा खारट असते. त्यामुळे कल्ल्यांतून पाणी सतत आत शिरते आणि क्षार बाहेर झिरपतात. आत आलेले पाणी मूत्रपिंड पातळ लघवीवाटे बाहेर टाकते, तर कल्ल्यांतल्या खास पेशी ऊर्जा खर्चून पाण्यातले क्षार परत ओढून घेतात. जास्त ऑक्सिजनसाठी मासा कल्ल्यांतून जास्त पाणी आणि जास्त रक्त खेळवतो, तेव्हा ही गळतीही वाढते. ती भरून काढायला पुन्हा ऑक्सिजनच लागतो. शिवाय तापमान वाढले, की रक्तातल्या हिमोग्लोबिनची ऑक्सिजन धरून ठेवण्याची ताकदही घटते.

मग पहाटच का?

उन्हाळ्यात तळे हिरवेगार दिसते ते शेवाळामुळे. दिवसा हे शेवाळ भरपूर ऑक्सिजन सोडते, त्यामुळे दुपारी पाण्यात त्याची चंगळ असते. सूर्य मावळल्यावर उत्पादन थांबते, पण श्वसन सुरूच राहते. मासे, शेवाळ आणि तळाच्या गाळातले जिवाणू असे सगळेच ऑक्सिजन खात राहतात. गाळ कुजवणारे जिवाणूही गरम पाण्यात जास्त वेगाने काम करतात. रात्रभर साठा उतरत जातो आणि सूर्योदयाच्या जरा आधी तो नीचांक गाठतो. लिटरला तीन मिलिग्रॅमच्या खाली गेल्यावर कार्प जातीचे मासे कासावीस होऊ लागतात. एक मिलिग्रॅमच्या आसपास ते पृष्ठभागावर येऊन तोंडे उघडझाप करतात आणि काही तासांत मरू लागतात. आदला दिवस ढगाळ असेल तर धोका वाढतो, कारण शेवाळाने साठाच कमी केलेला असतो.

वळवाचा पाऊस कधी कधी त्याहून मोठा घात करतो. खोल तळ्यात वरचे पाणी गरम आणि हलके असते, तर तळाचे पाणी थंड पण ऑक्सिजनविना कोंडलेले असते. वादळी पावसाने वरचा थर अचानक थंड होऊन खाली जातो आणि तळाचे कुबट पाणी वर येते. उकाड्यातून सुटका झाली म्हणून माणसे खूश होतात, त्याच रात्री तळ्यातला माल संपतो.

जे मासे वाचतात त्यांचे काय?

नुकसानीचा हा भाग बातम्यांत येत नाही. ताणाखाली माशाच्या रक्तात कॉर्टिसॉल हे संप्रेरक वाढते. ते साठवलेली ऊर्जा मोकळी करते, पण दिवसेंदिवस वाढलेलेच राहिले तर प्रतिकारशक्ती खालावते. मग जिवाणूंचे व्रण आणि अंगाला चिकटणारी माशांची ऊ यांचे फावते. वाढ खुंटते. अमोनियाचाही त्रास होतो. पाण्याचा सामू आठ असेल तर २० अंशांच्या तुलनेत ३० अंशांना त्याचे विषारी रूप जवळपास दुप्पट असते.

सगळे मासे मात्र सारखे नाहीत. मरळ आणि मागूर थेट हवेतून श्वास घेऊ शकतात, म्हणून आटत्या डबक्यातही ते टिकतात. उजनीच्या जाळ्यांत भरभरून येणारी चिलापी गरम आणि कमी ऑक्सिजनच्या पाण्याला सरावलेली आहे. तिचा पसार केवळ यामुळे झालेला नाही, पण याचा तिला फायदा होतोच. लोणावळ्याजवळ वळवणच्या केंद्रात ज्याचे प्रजनन केले जाते, तो महाशीर याच्या अगदी विरुद्ध. त्याला वाहते, थंड आणि ऑक्सिजनने भरलेले पाणी लागते.

फटका कुणाला, उपाय काय?

भंडारा-गोंदियातले मामा तलाव उन्हाळ्यात उथळ होतात आणि ढिवर कुटुंबांची कमाई त्याच पाण्यात असते. २०१६ मध्ये ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आली. तेव्हापासून तयार झालेल्या शेततळ्यांतही अनेकांनी मत्स्यबीज सोडले आहे. तिथे एका रात्रीत वर्षभराचा खर्च बुडू शकतो. त्यामुळे कारण ओळखणे महत्त्वाचे ठरते. घुसमटीत सहसा मोठे मासे आधी मरतात, हवेतून श्वास घेणारे वाचतात आणि घटना पहाटे घडते. लहानमोठे सगळे मासे एकदम, दुपारीही मरत असतील, तर पाण्याचा नमुना तपासायलाच हवा.

उष्णतेच्या लाटेत खाद्य निम्म्यावर आणावे किंवा बंदच करावे, कारण पचनालाही ऑक्सिजन लागतो आणि उरलेले खाद्य कुजते. एअरेटर दिवसा चालवून फारसा उपयोग नसतो, तो मध्यरात्रीपासून सूर्योदयापर्यंत चालवावा लागतो. वीज गेली तर पंपाने तळ्याचेच पाणी उंचावरून फवाऱ्यासारखे पाडत राहिले तरी काही तास निभावतात. त्यासाठी डिझेल आधीच भरून ठेवलेले असावे लागते.