तारीख नसलेला गुरुवार

पत्रकारितेच्या शिक्षणाविषयी जी समजूत समाजात रूढ आहे, तिच्यात लेखनाला सर्वांत मोठे स्थान असते. भाषा चांगली, स्वभाव धीट आणि प्रश्न विचारण्याची हातोटी असली की बातमीदार घडतो, असे मानले जाते. प्रत्यक्ष वर्गात मात्र पहिले काही महिने विद्यार्थ्याच्या लेखनापेक्षा त्याच्या वाचनाची, ऐकण्याची आणि पाहण्याची झडती घेतली जाते, आणि ही झडती अनेकांना लेखनाहून जड जाते. पुण्यातील एका पत्रकारिता अभ्यासक्रमाचे पहिले सत्र जवळून पाहावेसे वाटले, त्याचे निमित्त अशाच झडतीची एक वही होती. तिला वर्गात 'माध्यम रोजनिशी' म्हणतात. बातमी किंवा बातमीसारखे जे काही दिवसभरात आपल्यापर्यंत पोहोचले, त्याची सलग सात दिवस नोंद करायची, आणि प्रत्येक नोंदीपुढे वेळ, ठिकाण, कोणाकडून मिळाले, कधीचे आहे आणि शेवटपर्यंत वाचले का, असे पाच रकाने भरायचे, असे या वहीचे स्वरूप असते. सोलापूर जिल्ह्यातून शिकायला आलेल्या एका विद्यार्थिनीच्या वहीत मंगळवारच्या पानावर ४३ नोंदी होत्या. त्यांपैकी शेवटपर्यंत वाचलेल्या ४, आणि 'कधीचे' हा रकाना जवळजवळ सगळा कोरा. ही एका मुलीची एका दिवसाची नोंद आहे, तिच्यावरून सगळ्या पिढीविषयी निष्कर्ष काढणे गैर ठरेल. तरीही ४३ पैकी ४ हा आकडा, आणि त्याहूनही तो कोरा रकाना, पाहणाऱ्याच्या मनातून जात नाही.

अभ्यासक्रमाचा ठरलेला भाग लवकर आटोपतो. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत सुरू केलेले 'दर्पण', ज्याच्या पानांवर इंग्रजी आणि मराठी मजकूर शेजारी शेजारी छापला जाई, १८८१ चा 'केसरी', डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा ३१ जानेवारी १९२० चा 'मूकनायक' आणि न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकून परतलेल्या नानासाहेब परुळेकरांनी १९३२ साली काढलेला 'सकाळ', हे टप्पे दोन-तीन व्याख्यानांत सांगून होतात. त्यानंतर 'सहा ककार' येतात. काय, कोण, कुठे, केव्हा, का आणि कसे या सहा प्रश्नांची उत्तरे बातमीत असली पाहिजेत, हा नियम जगभर शिकवला जात असला तरी हे सहाही प्रश्न एकाच अक्षराने सुरू होण्याची सोय मराठीत आहे, आणि त्यामुळे मराठी विद्यार्थ्याला ते पाठ करावे लागत नाहीत. 'उलटा मनोरा' म्हणजे सर्वांत महत्त्वाची माहिती आधी आणि दुय्यम तपशील शेवटी, अशी बातमीची रचना. पानावर जागा कमी पडली तर उपसंपादकाला बातमी खालून कापता यावी, ही तिच्यामागची व्यवहारी गरज. हे सगळे विद्यार्थी सहज आत्मसात करतात. अडतात ते 'केव्हा' या एकाच ककारापाशी, आणि ते का अडतात हे समजण्यासाठी बातमीलेखन शिकवणाऱ्या अध्यापकांची पट्टी पाहावी लागते.

हे अध्यापक रात्री एका दैनिकाच्या डेस्कवर, म्हणजे आलेल्या बातम्या तपासून, कापून, मथळे देऊन पाने लावली जातात त्या विभागात काम करतात आणि सकाळी वर्ग घेतात. उमेदवारीच्या काळात ते मुद्रितशोधक होते. मुद्रितशोधक म्हणजे छपाईपूर्वी जुळवलेला मजकूर मूळ प्रतीशी ताडून चुका काढणारा माणूस. हे पद आता बहुतेक दैनिकांतून नाहीसे झाले आहे, पण त्या कामाने लावलेली सवय त्यांच्या हातात राहिली आहे. स्टीलची एक फूटपट्टी त्यांच्या शबनममध्ये कायम असते. विद्यार्थ्याने लिहिलेला १२० शब्दांचा सराव-मजकूर ते टेबलावर ठेवतात, पहिल्या ओळीखाली पट्टी धरतात, ती ओळ संपेपर्यंत पुढची ओळ पट्टीखाली झाकलेली राहते, मग पट्टी एक ओळ खाली सरकते. पट्टी ज्या शब्दापाशी थांबते, तिथे काहीतरी चुकलेले आहे हे समोर उभ्या विद्यार्थ्याला न सांगता कळते. समोरच्या बाकांवर जे वाचन चालू असते त्यात अंगठा पडद्यावरून वर सरकत राहतो, आणि ओळ पूर्ण होण्याची वाट तो पाहत नाही.

रोजनिशीच्या तपासणीच्या दिवशी या विद्यार्थिनीची एक नोंद अध्यापकांनी वाचायला मागितली. ती राहते त्या घराच्या मालकीणबाईंनी इमारतीच्या ग्रुपवर पाठवलेला तो संदेश होता: देखभाल-दुरुस्तीच्या कामासाठी येत्या गुरुवारी शहराचा पाणीपुरवठा बंद राहील आणि शुक्रवारी सकाळी उशिरा व कमी दाबाने पाणी येईल. पुण्यात राहणाऱ्या कोणालाही या वाक्याची सवय असते. महापालिका देखभालीच्या कामांसाठी बहुधा गुरुवार निवडते आणि तिच्या प्रकटनांत 'उशिरा व कमी दाबाने' हे शब्द ठरलेले असतात. अध्यापकांनी मोबाइल टेबलावर आडवा ठेवला, त्याच्या काचेवर पट्टी धरली आणि कागद वाचावा तसा तो संदेश ओळीओळीने वाचायला सुरुवात केली. पट्टी दुसऱ्या ओळीवर 'येत्या' या शब्दाखाली थांबली.

"हा गुरुवार कुठला?" त्यांनी विचारले.

"उद्याचाच असेल ना, सर. आज सकाळी आलाय मेसेज."

"काकूंना कधी आला? त्यांना ज्यांनी पाठवला, त्यांना कधी आला?"

या प्रश्नाचे उत्तर वर्गात कोणाकडेच नव्हते, आणि पत्रकारितेच्या शिक्षणाचे सार या ठिकाणी उघडे पडते असे म्हणता येईल. 'येत्या', 'आज', 'काल', 'नुकतेच' हे शब्द स्वतःच्या पायावर उभे राहू शकत नाहीत. ते ज्या दिवशी उच्चारले गेले तो दिवस माहीत असेल तरच त्यांना अर्थ मिळतो. वृत्तपत्राच्या प्रत्येक पानाच्या माथ्यावर वार आणि तारीख छापलेली असते, बातमीच्या आरंभी गाव आणि बहुधा तारीख असते, आणि तरीही मराठी दैनिकांत 'गुरुवारी' या शब्दापुढे कंसात 'ता. १२' किंवा 'दि. १२' असे लिहिण्याचा प्रघात आहे. नवख्या विद्यार्थ्याला हा कंस जागा खाणारा वाटतो. पुढे पाठवलेल्या संदेशाला मात्र पान नसते, माथा नसतो; त्यातला 'येत्या गुरुवारी' दर आठवड्याला नव्याने खरा होतो आणि कधीच जुना होत नाही. तो संदेश कोणी रचलेला असेलच असे नाही. बहुधा तो एके काळी अक्षरशः खरा होता, आणि फिरता फिरता त्याची तारीख तेवढी गळून पडली. खोट्या बातमीविषयी आज पुष्कळ बोलले जाते. शिळ्या बातमीविषयी फारच कमी, आणि रोजच्या जीवनात गोंधळ माजवण्यात तिचा वाटा मोठा असावा.

तारखेइतकीच दुसरी एक गोष्ट विद्यार्थ्यांना मुद्दाम दाखवावी लागते. वृत्तपत्राच्या कुठल्या तरी पानाच्या तळाशी, बारीक टायपात, मालक, मुद्रक, प्रकाशक आणि संपादक यांची नावे आणि छपाईचे ठिकाण दिलेले असते. अनेक मराठी दैनिके संपादकाच्या नावापुढे बातम्यांच्या निवडीची कायदेशीर जबाबदारी त्याची असल्याचेही नमूद करतात. ही ओळ १८६७ च्या वृत्तपत्र व पुस्तक नोंदणी कायद्यातून आली. ज्यांच्यावर नजर ठेवायची त्यांची नावे सरकारजवळ असावीत, हा परकीय सत्तेचा त्यामागचा हेतू उघड होता, आणि २०२३ च्या नव्या कायद्याने १ मार्च २०२४ पासून त्या जुन्या कायद्याची जागा घेतली आहे. परंतु हेतू काहीही असो, प्रत्येक छापील वाक्यामागे एक नाव असावे हा दंडक त्या ओळीने रुजवला. वर्गातील बहुतेकांनी ती आयुष्यात प्रथमच वाचली, आणि रोजनिशीतल्या 'कोणाकडून' या रकान्यात 'ग्रुपवर आले' असे लिहून आपण नेमके काय लिहिले नाही, हे त्यांच्या ध्यानात आले.

या दोन गोष्टी नसल्या म्हणजे काय होते, याचे उदाहरण महाराष्ट्राला दूर शोधावे लागत नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे, आठवडे बाजाराच्या दिवशी, मुले पळवणारी टोळी समजून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच भिक्षेकऱ्यांना ठार मारले. त्यांपैकी बहुतेक जण सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा तालुक्याचे होते. मुले पळवणाऱ्यांविषयीचे संदेश त्याआधी कित्येक दिवस मोबाइलवरून फिरत होते. त्या काळात देशभर फिरलेल्या चित्रफितींपैकी एक तर कराचीतील एका संस्थेने पालकांना सावध करण्यासाठी बनवलेली होती. मूळ चित्रफितीत मूल उचलून नेणारा मोटारसायकलस्वार लगेच परत येतो, मुलाला खाली ठेवतो आणि फलक दाखवतो, पण फिरणाऱ्या तुकड्यातून हा शेवटच कापलेला होता. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा जाहीर केली. ज्या दिवशी ही घटना वर्गात शिकवली गेली, त्या दिवशी ४३ नोंदींच्या त्या विद्यार्थिनीने काहीच टिपून घेतले नाही. त्यांतली बहुतेक माणसे तिच्या जिल्ह्यातली होती.

माध्यमांच्या सवयी घडतात कशा, याचाही शोध या रोजनिश्यांतून लागतो. पेठांतल्या अभ्यासिकांमध्ये स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुले वृत्तपत्र फार बारकाईने वाचतात, हातात रंगीत पेन घेऊन वाचतात. परंतु परीक्षेत येण्याजोगे नसेल ते सगळे ती गाळतात, आणि अपघात, संप, पाणी, एसटीचे बदललेले थांबे हे सगळे त्या गाळणीतून खाली जाते. खोली भाड्याने घेऊन राहणाऱ्यांच्या दारात वृत्तपत्र पडतच नाही, त्यामुळे सकाळची पहिली बातमी आई-वडिलांनी पाठवलेली असते. वर्गातल्या विद्यार्थ्यांना एक आठवडा सकाळी आकाशवाणी पुणे केंद्राच्या प्रादेशिक बातम्या ऐकून त्यांचा सारांश लिहायला सांगितले गेले, तेव्हा अनेकांनी घरी फोन करून आजोबांना वेळ विचारली. रेडिओवरची बातमी मागे सरकवता येत नाही, म्हणून ती संपेपर्यंत ऐकावीच लागते, आणि त्या आठवड्यात 'शेवटपर्यंत' हा रकाना प्रथमच पूर्ण भरला.

छापखान्याची भेट सत्राच्या शेवटी झाली. ॲल्युमिनियमच्या प्लेटा चढवल्या जातात, कागदाचे रीळ फिरू लागते, दुसऱ्या टोकाने घडी घातलेले अंक बाहेर येतात. यंत्राचे वर्णन एवढ्यात संपते. लक्षात राहतो तो वास: ओली शाई, गरम यंत्रतेल आणि ताजा कागद यांचा मिळून झालेला, घशाला किंचित लागणारा वास, जो हाताळलेल्या पहिल्या प्रतीबरोबर बोटांवर येतो आणि काळ्या डागांसारखाच सहजी धुतला जात नाही. लांबच्या तालुक्यांना जाणारी आवृत्ती शहराच्या आवृत्तीआधी छापतात, कारण तिला रस्ता कापायचा असतो; रात्री उशिरा संपलेल्या सामन्याचा निकाल गावाकडच्या अंकात का नसे, याचा उलगडा त्या रात्री कित्येकांना झाला. पहाटे अप्पा बळवंत चौकात विक्रेते पदपथावर बसून अंकांत पुरवण्या भरत होते. अंक अजून कोमट होते. आपण रोज चाळून टाकतो त्या पानासाठी इतकी माणसे रात्रभर जागतात, हे पाहिल्यावर वाचण्याची रीत बदलायला हवी. निदान त्या पहाटे कोणाचा अंगठा चालला नाही.

राहता राहिला तो गुरुवार. विद्यार्थिनीने तपासणीच्याच दुपारी पाणीपुरवठा विभागात फोन लावला, दुसऱ्या प्रयत्नात तो उचलला गेला, आणि या आठवड्यात पाणी बंद ठेवण्याचे कोणतेही नियोजन नसल्याचे तिला सांगण्यात आले. तिने उत्तर देणाऱ्याचे पद विचारून घेतले आणि १२० शब्दांची बातमी लिहिली. अध्यापकांचा पहिला अभिप्राय प्रतिकूल होता: पाणी येणार आहे ही बातमी होत नाही, नेहमीचे मोडते तेव्हा बातमी होते. हा डेस्कचा जुना आणि बहुतेक वेळा योग्य नियम आहे. विद्यार्थिनीचे म्हणणे असे पडले की तो संदेश वाचून इमारतीतल्या लोकांनी पाणी साठवायला सुरुवात केली आहे, म्हणजे नेहमीचे आधीच मोडले आहे. या वादात विद्यार्थिनीची बाजू अधिक सबळ वाटते. ज्या काळात शिळा मजकूर ताज्याच्या वेषात घरोघर पोहोचतो, त्या काळात 'असे काही होणार नाही' हेही तारखेनिशी सांगणे बातमीदाराचे काम ठरते, आणि दैनिकांनी त्यासाठी रोज थोडी जागा ठेवायला हवी. अध्यापकांनी मजकूर पुन्हा पट्टीखाली घेतला, ४८ शब्दांवर आणला, आणि भिंतीवर लावायच्या सराव अंकात चौथ्या पानावर त्याची चौकट केली. चौकटीत 'गुरुवारी' या शब्दापुढे कंसात तारीख होती, माहिती देणाऱ्या कार्यालयाचे नाव होते आणि खाली लिहिणारीचे नाव होते. तिने त्या चौकटीचे छायाचित्र इमारतीच्या ग्रुपवर टाकले.

त्या गुरुवारी पाणी नेहमीच्या वेळी आले.