खंडित गृहविमा : मदत आणि भरपाई यांतील अंतर

ऑगस्ट २०१८ मधील महापुरानंतर केरळ शासनाने पूर्णतः उद्ध्वस्त झालेल्या घरासाठी ४ लाख रुपयांचे साहाय्य निश्चित केले. २०२३ च्या अतिवृष्टीनंतर हिमाचल प्रदेशाने विशेष पॅकेजद्वारे अशाच घरासाठी ७ लाख रुपये मंजूर केले. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या २०२२-२३ ते २०२५-२६ या कालावधीसाठीच्या निकषांत मात्र हीच रक्कम सपाट प्रदेशात १ लाख २० हजार आणि डोंगराळ भागात १ लाख ३० हजार रुपये होती. नुकसानीचे स्वरूप सारखे असूनही आकडे इतके भिन्न का, हे समजून घेतल्यास गृहविम्याची मुदत संपू दिलेल्या घरमालकाची आर्थिक स्थिती स्पष्ट होते.

शासनाकडून मिळते ती तातडीची मदत असते, नुकसानभरपाई नव्हे. तिचे प्रमाण घराच्या बांधकाम खर्चावर नव्हे, तर निधीचे निकष आणि राज्याची आर्थिक क्षमता यांवर ठरते. याउलट विम्याचा दावा करारातून उद्भवतो. पॉलिसीची मुदत संपताच घरमालक हक्काच्या क्षेत्रातून सानुग्रह साहाय्याच्या क्षेत्रात येतो. अंशतः नुकसानीत हे अंतर अधिकच जाणवते. वरील निकषांनुसार पक्क्या घराचे किमान १५ टक्के नुकसान झाल्यास ६,५०० रुपये मिळत. उडालेले छप्पर किंवा भिजलेली वीजजोडणी पूर्ववत करण्यास ही रक्कम किती अपुरी आहे, हे सांगावयास नको.

आयुर्विम्यात वार्षिक हप्त्यासाठी ३० दिवसांची सवलतीची मुदत असते. तशीच ती गृहविम्यातही असेल, असा अनेकांचा समज असतो. तो चुकीचा आहे. विमा अधिनियम, १९३८ च्या कलम ६४ व्हीबीनुसार हप्ता आधी मिळाल्याखेरीज विमा कंपनी जोखीम स्वीकारू शकत नाही. पूर ओसरल्यावर हप्ता भरला, तरी झालेले नुकसान संरक्षणाखाली येत नाही.

अशा वेळी प्रथम तारखा तपासाव्यात. पॉलिसी १२ तारखेला संपली आणि पाणी १० तारखेला घरात शिरले असेल, तर दावा ग्राह्य धरला जाऊ शकतो. मात्र कंपनीस विनाविलंब कळविले पाहिजे. गृहकर्ज असल्यास बँकेकडील कागदपत्रे पाहावीत. १ एप्रिल २०२१ पासून उपलब्ध असलेली ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी १० वर्षांपर्यंतच्या मुदतीसाठी घेता येते. कर्जासोबत उतरविलेला दीर्घ मुदतीचा विमा चालू असूनही कर्जदाराच्या स्मरणात नसतो, असे घडू शकते. सदनिका असेल, तर गृहनिर्माण संस्थेने संपूर्ण इमारतीचा विमा उतरविला आहे काय, याचीही चौकशी करावी.

यांपैकी काहीच हाती लागले नाही, तर पंचनामा हाच आधार. साफसफाईपूर्वी छायाचित्रे घ्यावीत, महसूल कर्मचाऱ्यांकडे नोंद करावी आणि शक्य असल्यास स्थापत्य अभियंत्याचा लेखी अभिप्राय मिळवावा. उपलब्ध पैसा आधी वीजजोडणी, खांब, भार पेलणाऱ्या भिंती आणि छप्पर यांवर खर्च व्हावा. गिलावा व रंगकाम थांबू शकते. घर पडले म्हणून कर्ज संपत नाही. नैसर्गिक आपत्तीनंतर कर्जाच्या पुनर्रचनेबाबत रिझर्व्ह बँकेने बँकांना सूचना दिल्या आहेत; त्यांचा लाभ मिळण्यासाठी लेखी अर्ज लवकर करावा. हप्ते लांबणीवर पडले म्हणजे व्याज माफ झाले, असे मात्र नव्हे. नवा विमा घेताना जुने नुकसान उघड करणे आवश्यक आहे, अन्यथा पुढील दावाही नाकारला जाण्याचा संभव असतो. विमा रक्कम बांधकाम खर्चावर ठरवावी. जमिनीची किंमत तीत धरली जात नाही.

लोक विमा खंडित का होऊ देतात? हॉवर्ड कुनरुथर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना अमेरिकेतील राष्ट्रीय पूरविमा कार्यक्रमाच्या अभ्यासात असे आढळले, की पूरविमा साधारणतः दोन ते चार वर्षेच चालू ठेवला जातो. काही वर्षे पूर आला नाही, की हप्ता वाया गेल्यासारखा वाटतो. जेम्स ब्यूकॅनन यांनी १९७५ मध्ये मांडलेला ‘सॅमॅरिटनचा पेच’ दुसरे उत्तर सुचवितो : मदत मिळणारच, या अपेक्षेने माणूस स्वतः तरतूद करीत नाही. परीक्षार्थींना हे तत्त्व परिचित असेल; परंतु ते भारतीय परिस्थितीस सरसकट लागू करणे सयुक्तिक नाही. ६,५०० रुपयांच्या भरवशावर कोणी विमा टाळत असेल, हे पटण्याजोगे नाही. बँकेच्या अटीमुळे घेतलेला विमा कर्ज फिटल्यावर कोणी नूतनीकरणाची आठवण न केल्याने संपतो, हे कारण अधिक वास्तव वाटते. करआकारणीही येथे पोषक नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विमा व आरोग्यविमा वस्तू व सेवा करातून मुक्त झाले. गृहविम्यावरील १८ टक्के कर त्या वेळी कायम राहिला.

नागालँडने २०२४ मध्ये निराळा मार्ग स्वीकारला. तेथे राज्यानेच निर्देशांकाधारित आपत्ती विमा घेतला असून, पावसासारख्या घटकाने ठरावीक पातळी ओलांडली, की प्रत्यक्ष नुकसानीचे मूल्यमापन होण्याची वाट न पाहता रक्कम देय होते. ती राज्याच्या आपत्ती व्यवस्थापन यंत्रणेस मिळते. पडलेल्या घराच्या मालकापर्यंत तिच्यातील किती वाटा पोहोचावा, हा निर्णय शासनाकडेच राहतो.