ताटातल्या भाताची परीक्षा

लोणावळ्याच्या परिसरात उगम पावणारी इंद्रायणी देहू-आळंदीमुळे महाराष्ट्रभर ठाऊक आहे. तांदळाच्या दुकानात मात्र हे नाव पोहोचले ते १९८७ नंतर. त्या वर्षी महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या वडगाव मावळ येथील संशोधन केंद्रातून ‘इंद्रायणी’ हा भाताचा वाण प्रसारित झाला. शेतकऱ्याला शिकवायला निघालेल्या यंत्रणेला त्याच्या ताटाचाही विचार करावा लागला, असे मला या वाणाकडे पाहून वाटते.

ही वाटचाल जुनी आहे. १९५२ साली गांधी जयंतीला देशात समूह विकास योजना सुरू झाली. पुढच्याच वर्षी राष्ट्रीय विस्तार सेवा आली आणि ग्रामसेवक बांधावर दिसू लागला. त्याच सुमारास जपानी भातशेतीचा प्रचार झाला : गादीवाफ्यावर रोपे, ओळीत लावणी, भरपूर खत. आमच्या मावळातल्या घरी थोरली मंडळी सारे ऐकून घेत. पण लावणीच्या दिवसांत, धो धो पावसात, माणसे मिळत नसताना दोरी धरून ओळी कोण लावणार, असे ती विचारीत. तो प्रश्न अडाणीपणाचा नव्हता.

बियाण्याचेही तसेच. आंबेमोहोर शिजला की घर दरवळते. पण त्याचे रोप उंच, खताचा जोर मिळाला की लोळते. १९६६ साली फिलिपिन्समधील संशोधन संस्थेने दिलेला ‘आयआर ८’ बुटका आणि भरघोस पिकणारा, मात्र त्याचा भात जाडा, निवला की कडक. आमच्या आजीने तो एकदा रांधला आणि पुढच्या हंगामात खाचरात पुन्हा आंबेमोहोरच लागला. इंद्रायणी या दोहोंच्याच संकरातून आला : आंबेमोहोर १५७ आणि आयआर ८. उत्पन्न वाढले, वासही बराचसा राहिला. मग तो घ्या म्हणून सांगत फिरण्याची फारशी गरज उरली नाही.

डॉ. नारायण सावंत यांच्या चारसूत्री पद्धतीतही हीच समज दिसते. रोपवाटिकेत तुसाची राख, चिखलणीपूर्वी गिरिपुष्पाचा पाला, जोडओळीत लावणी आणि चार चुडांमध्ये खताची गोळी. राब भाजणाऱ्या मावळ्याला राख काही परकी नव्हती.

२००२ साली द्रुतगती मार्ग पूर्ण झाला आणि मावळच्या जमिनीला वेगळेच गिऱ्हाईक मिळाले. खाचरांच्या जागी बंगले उठत आहेत. भात जास्त कसा पिकवावा, हे सांगणारे आज पुष्कळ आहेत. खाचर का राखावे, याचे पटणारे उत्तर घेऊन बांधावर येणारा माणूस आता हवा आहे.